‘बौद्ध अर्थशास्त्र’ आणि समजीविता

पर्यावरणाच्या चर्चेत तथागतांचे नाव निघाले की ई. एफ. शुमाखर यांच्या ‘बुद्धिस्ट इकॉनॉमिक्स’ या निबंधाचा दाखला बहुधा दिला जातो. १९५५ साली ब्रह्मदेशाच्या शासनाचे आर्थिक सल्लागार म्हणून गेलेल्या या अर्थतज्ज्ञाचा हा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७३ च्या ‘स्मॉल इज ब्युटिफुल’ या ग्रंथात समाविष्ट झाला. कमीत कमी उपभोगातून जास्तीत जास्त कल्याण साधावे, हे त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. कोळसा, तेल यांसारखी पुन्हा निर्माण न होणारी संपत्ती बेफिकिरीने जाळणे ही हिंसाच आहे, असे शुमाखर सांगतात. उपभोगाच्या वाढीलाच प्रगती मानणाऱ्या काळात हे सांगणे धैर्याचे होते. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु हा निबंध ‘बौद्ध’ कितपत आहे? सम्यक आजीव आणि वृक्षांविषयीचा आदर यांपलीकडे पालि साहित्याचा आधार त्यात फारसा नाही. आपण बौद्ध धम्माची केलेली निवड केवळ प्रासंगिक आहे, अन्य धर्मांच्या आधारेही हेच मांडता आले असते, अशी कबुली त्याच ग्रंथात आढळते. स्त्रियांना घराबाहेरच्या नोकरीची सामान्यतः गरज नसते, हे विधानही निबंधात आहे. ज्या समाजाच्या लेकी शिकून कचेरीत आणि कारखान्यात उभ्या राहिल्या, त्याने हे धम्माच्या नावावर कसे स्वीकारावे?

आमचा मुख्य आक्षेप मात्र ‘कमीत कमी’ या शब्दांना आहे. हा उपदेश कोणाला आहे? मनुस्मृतीने चांडाळांस प्रेतांची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडी अलंकार नेमून दिले, शूद्राला धनसंचय नाकारला. ती अल्पता निवडलेली नव्हती, लादलेली होती. म्हणूनच १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना नीटनेटकी वस्त्रे नेसण्यास आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकण्यास सांगितले. १९५० साली ‘महाबोधि’ नियतकालिकातील लेखात त्यांनी बजावले की, ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्याचा त्याग एक वेळ स्तुत्य ठरेल. दारिद्र्य मात्र कधीही धन्य असू शकत नाही.

शुमाखर यांनी अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्त विचारात घेतले असते, तर त्यांना वेगळा शब्द सापडला असता. कोलिय दीघजाणु तथागतांना म्हणतो, आम्ही संसारी माणसे, काशीचे चंदन लावणारी, माळा धारण करणारी, सोने-रुपे बाळगणारी आहोत. तथागत त्याला यांपैकी काहीही टाकण्यास सांगत नाहीत. ते समजीविता सांगतात. आय ओळखून, अति उधळपट्टी न करता आणि अति हीनपणेही न राहता जगणे, असा तिचा अर्थ. मिळकतीबाहेर खर्च करणाऱ्यास तेथे उंबराची फळे खाणाऱ्याची उपमा आहे. अट्ठकथा ती उलगडते. तो झाड हलवतो, पुष्कळ फळे पाडतो, थोडी खातो आणि उरलेली टाकून निघून जातो. त्याच सुत्तात मोठी मिळकत असून कदान्नावर जगणाराही निंद्य ठरतो. म्हणजे धम्माचे माप ‘अल्प’ हे नसून ‘सम’ हे आहे.

या मापाने आता स्वतःकडे पाहावे. पहिल्या पगारातून घेतलेल्या पंख्याची वा शीतकपाटाची आम्हांला लाज वाटत नाही, वाटूही नये. पण आमच्या कपाटात वर्षानुवर्षे न नेसलेली वस्त्रे आहेत. १४ एप्रिलला चौकाचौकांत उभारलेले फ्लेक्स दुसऱ्या दिवशी कचरा होतात. ही उंबराची पाडलेली फळे नव्हेत काय? हा कचरा कोण उचलते? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. आमच्या उत्सवाची उधळपट्टी आमच्याच बहिणींच्या हातांत जाऊन पडते. पर्यावरणाचा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणणाऱ्या मित्रांनी याचा विचार करावा.

चुल्लवग्गात राजा उदेन आनंदांना विचारतो, एवढ्या पाचशे चीवरांचे काय कराल? ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू, असे आनंद सांगतात. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतील, त्यांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींच्या सतरंज्या, सतरंज्यांची पायपुसणी, पायपुसण्यांचे झाडण, आणि शेवटी तेही कुटून चिखलात कालवून जमीन सारवू. येथे दान नाकारलेले नाही. मात्र वस्तूच्या अखेरपर्यंतची जबाबदारी स्वीकारली आहे.

शुमाखर यांचा निबंध अवश्य वाचावा, पण व्यग्घपज्ज सुत्त शेजारी ठेवून वाचावा. आणि येत्या जयंतीला फ्लेक्स छापण्यापूर्वी, तो उतरल्यावर कोणाच्या हाती जाणार, हे उपासक-उपासिकांनी एकमेकांस विचारावे. आम्हीही आमच्या कपाटापासून आरंभ करीत आहोत.