ऑब्जेक्ट-बेस्ड आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड: तक्त्यातला फरक आणि कामातला फरक

मंडळी, ‘ऑब्जेक्ट-बेस्ड आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड यांतला फरक लिहा’ हा प्रश्न ठाणे-डोंबिवलीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना नवा नाही. उत्तरही पाठ असतं. बालगुरुसामींच्या सी प्लस प्लसच्या पुस्तकात ते सुटसुटीत दिलंय. डेटा आणि त्यावरची फंक्शन्स एकत्र बांधता आली, डेटा लपवता आला, की भाषा ऑब्जेक्ट-बेस्ड. त्यात इनहेरिटन्स आणि डायनॅमिक बाइंडिंगची भर पडली की ऑब्जेक्ट-ओरिएंटेड. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. माझी तक्रार एवढीच, की ही दोन नावं एका दमात घेतली जातात आणि त्यातलं वजनदार कोणतं ते राहून जातं.

आता ठाण्याच्या फलाटावर या. कल्याणकडे जाणाऱ्या दोन लोकल आहेत. दोघींना विचारा, पुढचं स्टेशन कोणतं? स्लो म्हणेल कळवा. दिव्याला न थांबणारी फास्ट म्हणेल डोंबिवली. प्रश्न एकच, उत्तर ज्या त्या गाडीचं. विचारणाऱ्या कोडमध्ये ‘स्लो असेल तर हे, फास्ट असेल तर ते’ अशी रांग लावावी लागत नाही. उद्या तिसऱ्या प्रकारची गाडी आली तरी ते कोड तसंच राहतं. हे डायनॅमिक बाइंडिंग. आणि हॉर्न, ब्रेक, मोटरमनची केबिन ‘लोकल’ या क्लासमध्ये एकदाच लिहून दोघींनी आयतं घ्यायचं, ते इनहेरिटन्स. इनहेरिटन्सनं टायपिंग वाचतं. बाइंडिंगनं पुढची डोकेदुखी वाचते.

या तक्त्याला इतिहासही आहे. १९८७ साली पीटर वेग्नर यांनी तीन पायऱ्या मांडल्या: ऑब्जेक्ट असले की ऑब्जेक्ट-बेस्ड, क्लास आले की क्लास-बेस्ड, इनहेरिटन्स आलं की ऑब्जेक्ट-ओरिएंटेड. एडा ८३ पहिल्या पायरीवर होती, एडा ९५ मध्ये इनहेरिटन्स आलं. इथवर हिशेब जुळतो.

पण व्हिज्युअल बेसिक ६ घ्या. त्यात क्लासचं इनहेरिटन्स नाही, म्हणून ती ऑब्जेक्ट-बेस्ड. तरी ‘इम्प्लिमेंट्स’ वापरून आपल्या दोन्ही लोकल तिच्यात लिहिता येतात! जावास्क्रिप्टची गंमत आणखी. क्लास नाहीत म्हणून तिला तक्त्यात ऑब्जेक्ट-बेस्ड म्हणत आले. पण तिथे एक ऑब्जेक्ट दुसऱ्याकडून प्रोटोटाइपमार्फत गुण घेतो, म्हणजे इनहेरिटन्स आहेच. २०१५ मध्ये ‘क्लास’ हा शब्द आला. खालची यंत्रणा प्रोटोटाइपचीच राहिली. मग भाषा एका रात्रीत वरच्या वर्गात गेली म्हणायची का?

म्हणून मुलांनो, पेपरात तक्ता लिहा, मार्क घ्या. पण प्रोजेक्ट करताना भाषेवरचं लेबल बघू नका. नवा प्रकार घातल्यावर जुन्या किती फायली उघडाव्या लागतात, ते मोजा. दहा ठिकाणी हात घालावा लागत असेल, तर भाषा जावा असली तरी तुमचं काम अजून ऑब्जेक्ट-बेस्डच आहे.