नियम हजारो, पण ‘का?’ कुठे?

अभियंत्याचे ज्ञान एकदा संगणकात भरले की आराखड्याचे काम आपोआप होते, असे अनेकदा वाचायला मिळते. हे कितपत खरे आहे ते पाहावे, म्हणून आम्ही या क्षेत्रातले दोन गाजलेले लेख शेजारी ठेवून वाचले.

पहिला लेख १९८२ सालचा, कार्नेगी-मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांचा. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनी ‘व्हॅक्स’ संगणक विकताना गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे सुटे भाग जुळवून देत असे. मागणीपत्रात काय राहून गेले, कोणता भाग कोणत्या कपाटात बसेल, वीज पुरेल का, केबल किती लांब हवी, हे सारे जाणकार माणसे ठरवत. मॅकडरमॉट यांच्या ‘आर-१’ (पुढे ‘एक्सकॉन’) या प्रणालीने ते काम ‘जर असे असेल, तर असे करा’ या प्रकारच्या शेकडो नियमांवर सोपवले. १९८० पासून ती प्रत्यक्ष वापरात आली.

लेखाचे मोठे बळ म्हणजे त्यातला नेमका विचार. कामाचे टप्पे योग्य क्रमाने लावले, तर प्रत्येक टप्प्यावर पुढचे पाऊल कळण्याइतकी माहिती हाती असते; चुकून मागे फिरावे लागत नाही. शाळेचे वेळापत्रक लावणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

दुसरा लेख १९८४ सालचा, ज्यूडिथ बॅचंट आणि मॅकडरमॉट यांचा. आम्हाला तो अधिक मोलाचा वाटला. चार वर्षांत नियम सुमारे आठशेवरून तीन हजारांच्या वर गेले होते. नवे भाग येत राहिले, प्रणालीकडून अपेक्षा वाढत राहिल्या. ती कधीच ‘पुरी’ झाली नाही, हे लेखक मोकळेपणाने सांगतात.

आमचा आक्षेप इथेच आहे. पहिला लेख वाचताना ज्ञान म्हणजे एकदा भरून ठेवायचा साठा वाटतो. नियमात ‘काय करावे’ असते. ‘का करावे’ हे बहुधा तो सांगणाऱ्याच्या डोक्यातच राहते. समजा, वेळापत्रकात एक नियम आहे: शनिवारी शेवटचा तास विज्ञानाचा नको. तो मुळात एका शिक्षकांच्या एसटीच्या वेळेसाठी केलेला. ते निवृत्त झाले, तरी नियम उरतो आणि तो काढावा की ठेवावा हे कुणालाच सांगता येत नाही. असे हजारो नियम एकमेकांत गुंतले, तर ते सांभाळायलाच तज्ज्ञ लागतात. जाणकाराची गरज संपत नाही, तिची जागा बदलते.

तरीही ‘आर-१’ फसली असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाग ठरलेले आणि जुळणीचे नियम स्पष्ट असतील, तिथे ही पद्धत उत्तम चालते. भागच नव्याने कल्पायचा असेल, तिथे ती अडते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून आपल्या शाळेच्या वेळापत्रकाचे दहा नियम लिहून घ्यावेत आणि प्रत्येकापुढे त्याचे कारण विचारावे. किती रकाने रिकामे राहतात, ते जरूर पाहावे.