घरची विहीर, पण गाळ कोण उपसणार?

‘पर्सनल क्लाउड’ म्हटलं की सगळं बोलणं क्लाउडवर होतं. आज आपण त्यातल्या ‘पर्सनल’ या शब्दाची जरा झडती घेऊ.

फेब्रुवारी २०१० मध्ये एबेन मोग्लेन या कायद्याच्या प्राध्यापकांनी न्यू यॉर्कमध्ये ‘फ्रीडम इन द क्लाउड’ हे व्याख्यान दिलं. त्यांची मांडणी साधी होती. भिंतीतल्या प्लगला लागेल एवढा स्वस्त सर्व्हर घरोघरी असावा, आपल्या नोंदी आपल्याच घरात राहाव्यात, आणि ज्याला त्या बघायच्या असतील त्याने वॉरंट घेऊन यावं. त्यातूनच फ्रीडमबॉक्स उभा राहिला. त्याच वर्षी ओनक्लाउड आलं, २०१६ मध्ये त्यातून नेक्स्टक्लाउड फुटून निघालं. आज फोटोंसाठी इमिच आहे, फाइलींसाठी सिंकथिंग आहे. सॉफ्टवेअरवाचून अडलंय, असं आता कोणी म्हणू नये.

मोग्लेन यांचं निदान आम्हाला आजही पटतं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली, तेव्हा ते पुष्कळांना पटलं. आमचा आक्षेप औषधाला आहे. त्यांनी सर्व्हरकडे घरातल्या एखाद्या उपकरणासारखं पाहिलं. म्हणजे प्लगला लावा आणि विसरा. पण सर्व्हर हा मिक्सर नव्हे, ती विहीर आहे. विहीर खणल्याचं कौतुक होतं, गाळ उपसल्याचं कोणी करत नाही.

गाळ म्हणजे काय, तर हे बघा. नेक्स्टक्लाउडची मोठी आवृत्ती बदलताना मधली पायरी गाळता येत नाही. दोन वर्षं दुर्लक्ष केलंत तर एकेक पायरी चढत यावं लागतं. रास्पबेरी पायचं एसडी कार्ड सतत लिहून लिहून झिजतं. दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून लावल्या की लोक निर्धास्त होतात, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते. तो बॅकअप नव्हे. तिसरी प्रत घराबाहेर हवी. बाहेर म्हणजे कुठे? बहिणीच्या घरी, नाहीतर पुन्हा त्याच भाड्याच्या क्लाउडवर!

शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो. शेकडो घरं एकाच आयपी पत्त्यामागे उभी असतात. बाहेरून आपल्याच घरात शिरायचं तर जास्त पैसे भरून पत्ता घ्या, नाहीतर कुणाच्या तरी बोगद्यातून या. मधला माणूस गेला गेला म्हणता म्हणता मागच्या दाराने परत येतो.

विजेचा बाऊ मात्र करू नका. १० वॉटचं यंत्र वर्षभर चालवलं तरी ८८ युनिट होतात.

खरी गोष्ट पुढेच आहे. अशा घरात सर्व्हर कळणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याच्या शब्दावर बायको आपले फोटो हलवते, आईवडील कागदपत्रं देतात. वीज जाऊन आली की कुलूपबंद डिस्क पासवर्ड मागत थांबते, आणि तो पासवर्ड एकाच डोक्यात असतो. हा माणूस तीन आठवडे रुग्णालयात असेल तर? परतच आला नाही तर? डिस्क फडताळात शाबूत, आणि लेकीच्या लहानपणाचे फोटो कायमचे गेलेले. याला आम्ही ‘पर्सनल’ म्हणायला तयार नाही. कुटुंबाने एका कंपनीच्या जागी एक माणूस बसवला, एवढंच झालं.

ज्या गूगलवर आपला विश्वास नाही, तिने २०१३ पासून सोय करून ठेवली आहे: खातं ठरावीक काळ निष्क्रिय राहिलं तर आतला मजकूर कुणाला द्यायचा, हे आधीच सांगून ठेवा. घरच्या सर्व्हरवाल्यांपैकी किती जणांनी एवढं केलंय?

आमच्या गटातल्या एका घरी आम्ही हे करून पाहिलं. सर्व्हरवाल्याने हात लावायचा नाही. बाकीच्यांनी त्याच्या लेखी सूचनांवरून बॅकअपमधला एक फोटो परत आणायचा. पासवर्डचा कागद आईंना सापडला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, ‘मग नेहमीसारखी डिस्क माउंट करा.’ त्या ‘नेहमीसारखी’पाशी अख्खं घर थांबलं.

आमच्या मते घरचा सर्व्हर आधी या कसोटीवर तोलावा, वेग आणि टेराबाइट नंतर. गावाकडे एका विहिरीत चार घरांचे हिस्से असतात, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. तसं चार घरांनी मिळून एक सर्व्हर ठेवावा, आणि तो चालवणारे किमान दोघं असावेत, तेही वेगवेगळ्या घरांतले. फोटो साध्या फोल्डरांत, वर्षावार ठेवा, म्हणजे उद्या इमिच बंद पडलं तरी कुठल्याही लॅपटॉपवर उघडतील.

आता प्रश्न घेऊ. पहिलीच चिठ्ठी आली आहे, ‘मग एनक्रिप्शन नको का?’ हवं, घराबाहेरच्या प्रतीला हवंच. घरातल्या डिस्कबाबत मात्र आधी ठरवा, तुम्हाला धास्ती कुणाची आहे: चोराची, की स्वतःच्या गैरहजेरीची.