दोघींनी मिळून लिहिलेला इतिहास

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर लिहिणारे त्यातून तारखा आणि नावे घेतात : २० जुलै १९४२, नागपूरची महिला परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती मात्र पुरवणीसारख्या चाळल्या जातात. माझ्या मते वाचनाचा क्रम उलटा हवा. ठरावात बाई मंचावर दिसते. तिथवर ती कशी पोहोचली, हे तिचे घर, शिक्षण आणि संसार यांच्या हकिकतीतूनच कळते.

या हकिकती आयत्या मिळालेल्या नाहीत. दोघींनी या स्त्रिया शोधून काढल्या, त्यांना बोलते केले. पवार तेव्हा सरकारी नोकरीत होत्या. नोकरी, घर आणि चळवळ यांची ओढाताण त्यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) येते. अशा धबडग्यात संशोधन तडीस जाते ते सोबतीच्या बळावर. ‘साधनग्रंथ’ म्हणून गौरव करताना आपण नेमकी ही सोबत वगळतो. मैत्रीला खासगी बाब ठरवले, की चळवळ केवळ भाषणांनी उभी राहिली असे वाटू लागते. मुलाखती आधी वाचल्या, की हा समज टिकत नाही.