दिसतं ते लिथियम नसतं

भिवंडीत अंजूरफाटा किंवा मानकोलीच्या गोदामांबाहेर माल भरायला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक तीनचाकींच्या चालकांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: "काट्यावर तीस टक्के होतं, आणि गाडी बसली." दोष कधी चार्जरला दिला जातो, कधी मेकॅनिकला, कधी नशिबाला. खरं कारण बॅटरीच्या रसायनात आहे. लिथियम बॅटरीच्या आत आयन कसे फिरतात याची चित्रं काढणारं शास्त्र आज कुठवर आलंय, हे पाहायला ही बसलेली गाडी सोयीची आहे.

मालवाहू तीनचाकींमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपीचे सेल मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. स्वस्त, टिकाऊ, आणि निकेलवाल्या सेलपेक्षा पेट घ्यायला नाखूष. पण त्यांचा व्होल्टेज साधारण वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत जवळपास हलतच नाही, 3.2 ते 3.3 व्होल्टच्या आसपास पडून राहतो. त्यामुळे बीएमएसला, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटला, व्होल्टेज पाहून चार्ज सांगता येत नाही. किती करंट आला आणि किती गेला याची बेरीज-वजाबाकी तो करत राहतो, आणि त्या हिशेबातली चूक रोज थोडी थोडी साचते. बॅटरी पूर्ण भरली की हिशेब जुळतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये अर्धवट चार्ज करून निघणाऱ्या गाडीत तो जुळायची वेळच येत नाही.

व्होल्टेज असा सपाट का राहतो? 1997 साली अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी हा पदार्थ जगापुढे आणला, तेव्हाच उत्तराची दिशा सांगितली होती. लिथियम या पदार्थाच्या कणात सगळीकडे सारखं विरघळत नाही. लिथियमने भरलेला भाग आणि रिकामा भाग शेजारी शेजारी राहतात, आणि त्यांच्यातली सीमा सरकत जाते. दोन अवस्था एकत्र नांदत असेपर्यंत व्होल्टेज बदलायला कारणच उरत नाही. कागदावर हे चोख आहे. ती सीमा नेमकी कशी सरकते, एका कणात की हजारो कणांत एकदम, यावर मात्र पुढची पंचवीस वर्षं वाद चालला. चित्रणाच्या तंत्रांची खरी परीक्षा त्या वादात झाली.

पहिली अडचण अशी की लिथियम दिसतच नाही. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन तीन. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, म्हणून लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्या गर्दीत लिथियम त्यांना जवळजवळ पारदर्शक असतं. मग शास्त्रज्ञ लोखंडाला विचारतात. लिथियम कणातून बाहेर पडलं की शेजारच्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन जातो, आणि 710 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास त्याची क्ष-किरण शोषण्याची तऱ्हा बदलते. 'लिथियमचा नकाशा' म्हणून नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकणारी लाल-हिरवी चित्रं बहुतेकदा अशी लोखंडाची साक्ष असतात. साक्ष खोटी नाही, पण ती ऐकीव आहे, हे चित्र पाहणाऱ्याने विसरू नये.

या पद्धतीचं सर्वांत देखणं काम 2016 मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. विल्यम च्युए यांच्या गटातल्या जाँगवू लिम आणि सहकाऱ्यांनी चार्ज-डिस्चार्ज होत असलेल्या एलएफपीच्या एकेका कणाचं चित्रण केलं. आढळलं ते असं, की चार्ज करताना, म्हणजे लिथियम बाहेर पडताना, कणातली असमानता वाढत जाते आणि डिस्चार्ज करताना ती दबते. येण्याचा आणि जाण्याचा रस्ता एक नाही. त्याआधी, 2010 मध्ये, ड्रेयर आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं होतं की कण सगळे एकदम भरत नाहीत, एकामागून एक भरतात, आणि चार्ज-डिस्चार्जच्या व्होल्टेजमधला न मिटणारा फरक त्यातूनच येतो. 2014 मध्ये चित्रांनी त्यात भर घातली: करंट कमी असेल तर कणागणिक क्रम लागतो, करंट वाढला की बरेच कण एकत्र कामाला लागतात. चालकाच्या काट्याला याचा थेट अर्थ आहे. तेच पन्नास टक्के भरत येताना वेगळा व्होल्टेज दाखवतात आणि उतरत येताना वेगळा.

एलएफपीच्या स्फटिकात लिथियमला जायला एकाच दिशेचे बोगदे असतात. त्यात एखादा लोखंडाचा अणू चुकीच्या जागी बसला, की भिवंडीतल्या एकेरी गल्लीत कंटेनर अडकावा तशी मागची सगळी रांग थांबते. कण बारीक ठेवायचे आणि त्यांवर कार्बनचा लेप द्यायचा, या कारखान्यांतल्या रिवाजामागे निम्मं कारण हे बोगदे आहेत. उरलेलं निम्मं कारण म्हणजे हा पदार्थ विजेचा वाहक म्हणून फारच दुबळा आहे. 2023 मध्ये च्युए आणि मार्टिन बझंट यांच्या गटांनी अशाच क्ष-किरण चित्रफितींचा एकेक पिक्सेल गणिताला जुंपला आणि कणाच्या पृष्ठभागावर अभिक्रियेचा वेग कुठे किती हे काढलं. तो चढउतार कार्बनच्या लेपाच्या जाडीशी जुळला. मला हे काम 2016 च्या चित्रांपेक्षाही मोठं वाटतं, कारण इथे चित्र पाहून कारखान्यात काय बदलायचं ते कळतं.

स्वस्तातलं तंत्र म्हणजे साधा प्रकाश. बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ग्रॅफाइटमध्ये लिथियम शिरत जातं तसा त्याचा करडा रंग आधी निळसर होतो, मग तांबडा, आणि पूर्ण भरल्यावर चक्क सोनेरी. जनरल मोटर्समधल्या स्टीफन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सेलला खिडकी ठेवून हे रंग सूक्ष्मदर्शकाखाली सरकताना पाहिले. लिथियमची हालचाल डोळ्यांनी दिसावी अशा मोजक्या जागांपैकी ही एक. 2021 मध्ये केंब्रिजच्या ॲलिस मेरीवेदर, अक्षय राव, क्लेअर ग्रे आणि सहकाऱ्यांनी परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणावरून लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या एकेका कणातली सरकती सीमा टिपली. यंत्र टेबलावर मावणारं, क्ष-किरण देणाऱ्या सिंक्रोट्रॉनच्या वेळेसाठी महिनोन्महिने अर्ज करायची गरज नाही. आजच्या घडीला पैशाच्या मोबदल्यात सर्वाधिक देणारं तंत्र हेच, असं माझं मत आहे. उणीव मात्र जुनीच. प्रकाशाची तीव्रता म्हणजे लिथियमचं प्रमाण नव्हे, आणि प्रत्येक नव्या पदार्थासाठी दोन्हींचा मेळ नव्याने घालावा लागतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल थोडक्यात. अणूंच्या रांगा तो दाखवतो, पण निर्वातात, मुद्दाम घडवलेल्या चिमुकल्या सेलमध्ये, आणि त्याचा झोतच नमुना बिघडवतो. क्ष-किरणांचाही हा दोष आहे. झोत पडलेला भाग अभिक्रियेत मागे राहिल्याचं अनेकदा दिसलंय. पाहण्यानेच पाहायची गोष्ट बदलत असेल, तर 'चालत्या बॅटरीतलं चित्र' हा शब्दप्रयोग जरा जपून करावा.

लिथियमला थेट भेटणारे दोघे: चुंबकीय अनुनाद आणि न्यूट्रॉन. 2012 मध्ये एस. चंद्रशेखर, ग्रे, अलेक्सेज येर्शो आणि सहकाऱ्यांनी एमआरआयने सेलमधलं शेवाळासारखं साचलेलं लिथियम शोधलं. पण धातूचं आवरण रेडिओलहरी अडवतं, त्यामुळे बाजारातला सेल या यंत्रात घालून भागत नाही. न्यूट्रॉनला आवरणाची पर्वा नसते. लिथियम-6 त्याला आधाशासारखं गिळतं: शोषणाचा काटछेद सुमारे 940 बार्न, तर लिथियम-7 चा जेमतेम 0.045. निसर्गात लिथियम-6 साधारण साडेसात टक्केच, तरी तेवढं पुरतं. तपशील मात्र दहा-वीस मायक्रॉनच्या खाली सहसा उतरत नाही, आणि द्रावणातला हायड्रोजन मध्ये लुडबूड करतो.

भिवंडीच्या वाचकाने इथे थांबून नकाशा पाहावा. 1985 पासून चालू असलेली 100 मेगावॅटची ध्रुव अणुभट्टी ट्रॉम्बेत आहे, खाडी ओलांडून तासा-दीड तासावर. तिथे न्यूट्रॉन चित्रणाची सोय आहे. इंदूरला इंडस-2 सिंक्रोट्रॉन आहे, आणि लोखंडाची साक्ष काढणाऱ्या क्ष-किरण शोषणाच्या त्यावरच्या बीमलाइन भाभा अणुसंशोधन केंद्रच चालवतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे, सी-मेट आहे, आणि गाड्यांच्या बॅटऱ्या तपासणारी एआरएआय आहे. साधनांची वानवा नाही. रस्त्यावरचा सेल आणि हे डोळे यांची गाठ पडत नाही, ही खरी अडचण. 2022 च्या उन्हाळ्यात ई-स्कूटरच्या आगींनी देश हादरल्यावर एआयएस-156 हे मानक कडक झालं आणि 1 डिसेंबर 2022 व 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं. आवश्यक होतंच. पण ते पास-नापास ठरवतं, सेलच्या आतलं चित्र मागत नाही.

म्हणूनच मला या क्षेत्राची चढाओढ एका बाजूला कललेली वाटते. एका कणाचं चित्र 50 नॅनोमीटरपर्यंत स्पष्ट झालं, पण गाडीच्या एका सेलमध्ये असे कण अब्जावधींच्याही पलीकडे, आणि पॅक बसतो तो त्यातल्या सर्वांत कमजोर सेलमुळे. जाडाभरड्या पद्धतींना मान कमी मिळतो. डॅनियल स्टाइनगार्ट यांच्या गटाने 2015 मध्ये सेलमधून जाणाऱ्या ध्वनिलहरीच्या वेळेवरून चार्ज आणि आरोग्य ओळखायची वाट दाखवली. येर्शो यांच्या गटाने 2018 मध्ये सेल न उघडता, त्याच्या भोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातले बारीक बदल मोजून चार्ज आणि दोष दोन्ही ओळखले. यांत कुठेही सुंदर रंगीत कण दिसत नाही. पण गाडीतून उतरवलेला जुना पॅक सौरऊर्जा साठवायला चालेल की भंगारात जाईल, हे ठरवायला अशीच साधनं कामी येतील. त्यांची किंमत गोदामाच्या आवाक्यात आणणं अशक्य नाही.

आणखी एक हिशेब राहतो. प्रसिद्ध झालेली बहुतेक चित्रं कोऱ्या नमुन्यांची, पहिल्या काही फेऱ्यांतली, खोलीच्या तापमानाची आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात रोज अर्धवट चार्ज होणारा, तीन वर्षं खड्ड्यांतून हादरलेला एलएफपी सेल त्यांत अपवादानेच सापडतो. असे वापरलेले सेल क्रमांकासह, चार्जिंगच्या नोंदींसह जमवून ट्रॉम्बेच्या न्यूट्रॉनखाली आणि इंदूरच्या क्ष-किरणांखाली ठेवायला नवं यंत्र लागत नाही. लागतो तो ताफामालक, प्रयोगशाळा आणि सेल बनवणारा यांच्यातला एक करार, आणि सेल उघडायची परवानगी. अवघड आहे ती परवानगीच, कारण सेल उघडला की वॉरंटी संपते.