स्वस्त इंटरनेट आणि नगरांचे प्रचारकार्य : एक परामर्श

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२१ च्या अखेरीस अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी इंटरनेट-साहाय्याची योजना आरंभिली. तीनुसार दरमहा ३० डॉलरपर्यंत, तर मूलनिवासींच्या प्रदेशांत ७५ डॉलरपर्यंत सूट मिळे. परंतु सवलत जाहीर झाली म्हणजे ती घरोघरी पोचतेच असे नाही. अर्जाची किचकट पद्धती आणि सरकारी औदार्याविषयीचा संशय हे दोन अडसर मध्ये असतात. ते दूर करण्यासाठी अनेक नगरांतील ग्रंथालये, शाळा व सेवासंस्था झटल्या. सुमारे २ कोटी ३० लक्ष कुटुंबांची नोंदणी झाली, तीत या श्रमांचाही वाटा आहे.

तथापि, या यशातच एक वैगुण्य दडलेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि जूनच्या आरंभी निधीअभावी योजनाच संपुष्टात आली. शब्द नगरांनी दिला होता. तिजोरी मात्र केंद्राची होती. उलट, चॅटनूगा नगरातील वीजमंडळ व शाळा यांनी २०२० मध्ये गरजू विद्यार्थ्यांच्या घरी विनामूल्य जोडणी देण्याचे ठरविले, तेव्हा दहा वर्षांची मुदत आधीच बांधून घेतली होती. प्रचारकार्याचे मूल्यमापन नोंदणीच्या आकड्यावरून नव्हे, तर दिलेला शब्द किती काळ पाळता येतो यावरून व्हावयास हवे.