मंडळी, मे महिना आणि 'स्मृतिचित्रे' : एका दुर्लक्षित संदर्भाचे वाचन

प्रास्ताविक

मराठी आत्मचरित्राचा विचार 'स्मृतिचित्रे'ला वगळून करता येत नाही. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचा हा ग्रंथ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाला आणि त्याचा चौथा भाग त्यांच्या निधनानंतर वाचकांपुढे आला. त्यावर विपुल लेखन झाले आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद, निवेदनातील निर्व्याजपणा, रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या लहरी प्रतिभावंताबरोबरचा संसार आणि अलीकडच्या काळात स्त्रीच्या आत्मभानाचा प्रवास, या अंगांनी समीक्षा पुन्हा पुन्हा फिरत राहिली. हे सर्व योग्यच आहे. परंतु या समीक्षेत धर्मांतर ही एक घटना म्हणून येते आणि संपते. धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई ज्या समूहात जगल्या त्या समूहाचे वार, पंगती, वाद, गाणी आणि रुसवेफुगवे यांची दखल क्वचितच घेतली जाते. त्यामुळे ग्रंथाचा बराच मोठा भाग 'पुढील आयुष्य' या सदरात जमा होतो.

प्रस्तुत लेखात या निसटलेल्या संदर्भाच्या आधारे 'स्मृतिचित्रे' वाचण्याचा प्रयत्न केला आहे. हा संदर्भ मला ग्रंथालयात सापडला नाही, दहिसरला सापडला, हे आरंभीच नमूद करणे इष्ट वाटते.

दहिसर हे पश्चिम रेल्वेवरील मुंबई महापालिकेच्या हद्दीतील शेवटचे स्थानक. येथे 'ख्रिस्ती' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बोरिवली-गोराई परिसरातील ईस्ट इंडियन कॅथलिक समाज येतो. ते स्वाभाविक आहे, कारण तो समाज येथील जुना रहिवासी आहे. मंडपेश्वरच्या शैव लेण्यांना लागून असलेले पोर्तुगीजकालीन चर्चचे भग्नावशेष त्या दीर्घ इतिहासाची साक्ष देतात. मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांचा इतिहास वेगळा आहे. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि १८३१ पासून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) रुजलेले अमेरिकन मराठी मिशन, तसेच जालन्याकडचे स्कॉटिश मिशन यांच्या परिसरांतून नोकरीनिमित्त मुंबईत आलेल्या माणसांचा हा समाज आहे. त्यांची आडनावे गावाकडच्या शेजाऱ्यांचीच, भाषा घाटावरची. उपासनेसाठी मोठी वास्तू असतेच असे नाही. एखादे भाड्याचे सभागृह, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पेटी-ढोलकी एवढ्यावर रविवार साजरा होतो.

'मंडळी' या शब्दाविषयी

हे लोक आपल्या चर्चला 'मंडळी' म्हणतात. 'आमची मंडळी दहिसरला भरते' हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा क्षणभर घोटाळ्यात पडले. मराठीत 'मंडळी' म्हणजे जमलेले लोक, 'घरची मंडळी' म्हणजे कुटुंबीय, आणि जुन्या वळणाच्या पुरुषांच्या तोंडी 'आमची मंडळी' म्हणजे चक्क पत्नी. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी ख्रिस्ती समुदायासाठी हाच घरगुती शब्द घेतला. कॅथलिक मराठीत 'धर्मग्राम' असा काहीसा प्रशासकीय शब्द रूढ आहे. तेथे 'फादर' आहेत, येथे 'पाळक'. शब्दांच्या या निवडीत केवळ पंथभेद नाही. समूहाची कल्पना कोणत्या प्रतिमेतून केली गेली, हे त्यातून दिसते. 'धर्मग्राम'मध्ये गाव आहे, 'मंडळी'मध्ये घर.

'स्मृतिचित्रे'कडे या दृष्टीने पाहिले की ग्रंथाची रचनाच वेगळी भासू लागते. बाबा पद्मनजींचे 'अरुणोदय' हे एकोणिसाव्या शतकातील धर्मांतरिताचे आत्मचरित्र. त्याचा सारा रोख मतांची चिकित्सा, शंका, निर्णय आणि बाप्तिस्मा यांकडे आहे. ते मनात घडते, फार तर वादसभेत. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र धर्मांतर स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या घागरीजवळ घडते. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या खऱ्या, पण ख्रिस्ती माणसांच्या वस्तीत राहूनही त्या आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी राखीत होत्या. पुढे स्वतःच्याच तर्काने त्या या निर्णयाला आल्या की जातिभेद देवाने केलेला नाही. त्या निर्णयाची पहिली खूण कोणताही सिद्धांत नव्हता. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे, ही ती खूण होती. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे त्या 'मंडळी'त आधी सामील झाल्या आणि धर्मात मागाहून. ग्रंथाचा हा क्रम समीक्षेने पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही, असे माझे मत आहे.

धर्मांतरानंतर टिळकांचे घर सतत माणसांनी भरलेले दिसते. दुष्काळाने अनाथ केलेली मुले, विद्यार्थी, पाहुणे, आणि काही काळ बालकवी ठोंबरेही. यांतील सर्वच ख्रिस्ती नव्हते. लक्ष्मीबाई या गर्दीचे वर्णन करतात तेव्हा चर्च कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. अनेक अभ्यासकांना उत्तरार्धातील हे प्रसंग विस्कळीत वाटतात. मला तो विस्कळीतपणा विषयातूनच आलेला वाटतो. ज्या घराचे दार बंदच होत नाही, त्या घराची गोष्ट बांधेसूद कशी असणार?

उन्हाळ्यातील दहा दिवस

आता दहिसरकडे वळू. लहान मराठी मंडळ्यांच्या वर्षात नाताळाइतकाच गजबजलेला काळ म्हणजे शाळांच्या परीक्षा संपल्यावरचे आठ-दहा दिवस. या काळात मुलांसाठी सुटीतील बायबल शाळा भरते. बोलीत तिला 'व्हीबीएस' म्हणतात. एप्रिलची अखेर साधण्यामागे व्यवहार आहे. मे उजाडला की निम्मी मंडळी नगर-जालन्याच्या गाड्यांत बसते. उरलेल्यांची उपासना मग रोडावलेली, पंख्याच्या वाऱ्यात चालते आणि पाळक उपदेश थोडक्यात आटोपतात.

या उपक्रमाचा उगम महानगरात आहे. १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर मोकळ्या भटकणाऱ्या मुलांसाठी बिअर विकणाऱ्या एका दुकानाची जागा भाड्याने घेऊन असा वर्ग चालवला. ईस्ट साइडच्या त्या दाटीवाटीच्या वस्तीत जी अडचण होती, तीच दहिसरच्या चाळींत आणि पुनर्विकसित इमारतींत आहे. दोन्ही पालक कामावर, घर लहान, बाहेर ऊन आणि मुले मोकळी. त्यामुळे शेजारची ख्रिस्ती नसलेली मुलेही या वर्गाला येतात. हस्तकलेचे कागद, सरबत, पोहे आणि शेवटच्या दिवशीचे बक्षीस यांचे आकर्षण धर्मावर ठरत नाही. ज्या वर्गात मी दोन उन्हाळे जाऊन बसले, तेथे अशा मुलांच्या आईवडिलांना बाई आधी घरी जाऊन विचारून येत. काळ पाहता हे शहाणपणाचेच.

या दहा दिवसांत वचन-पाठांतर, गोष्ट, खेळ, नाटुकले आणि हावभावासह गाणी असा क्रम असतो. यांतील गाण्यांविषयी मराठीच्या अभ्यासकाला बोलावे लागेल. बहुतेक गाणी इंग्रजी वा हिंदी असतात. उरलेली मराठी गाणी भाषांतरित, मूळ इंग्रजी चालीवर बसवलेली. चाल इंग्रजीच्या बलाघातावर उभी, आणि मराठी पद्य मात्रांवर वा अक्षरसंख्येवर. परिणामी ताल नेमका विभक्तिप्रत्ययावर आदळतो, ह्रस्व स्वर ताणला जातो आणि महत्त्वाचा शब्द दोन ठोक्यांच्या फटीत नाहीसा होतो. मुले ते आनंदाने गातात, हा भाग निराळा. पण आपण काय गातो ते त्यांना विचारले तर ती एकमेकांकडे पाहतात.

ही अडचण नवी नाही. मिशनच्या आरंभकाळी पाश्चात्त्य स्तोत्रांची मराठी रूपांतरे याच दोषाने ग्रासलेली होती. कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाचा घाट घडवला. टिळकांनी अभंग, ओवी आणि पदे यांतून ख्रिस्ती भक्तीला मराठी चाल दिली. त्यांची कित्येक गीते 'उपासना संगीता'त समाविष्ट आहेत आणि प्रौढ मंडळी ती आजही रविवारी गाते. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अकरा अध्यायांवर थांबले. लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्याय लिहिले आणि त्यांचे पुत्र देवदत्त यांनी शेवटचा. म्हणजे छंदाचे हे काम एका कुटुंबाने दोन पिढ्या केले. शंभर वर्षांनंतर त्याच परंपरेतील मुले उन्हाळ्यात पुन्हा भाषांतरित चालींकडे परतली आहेत. येथे वाङ्मयेतिहासातील एक वर्तुळ पूर्ण होते, आणि ते सुखावणारे नाही.

अर्थात, येथे केवळ शोक करून भागणार नाही. वर्गातील बाईंपुढे खरा प्रश्न असा होता की, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या या मुलांपैकी काहींना देवनागरी सफाईने वाचता येत नाही. फळ्यावर मराठी वचन लिहायचे तर रोमन लिपीत. हे पाहून मी प्रथम अस्वस्थ झाले. नंतर मात्र 'स्मृतिचित्रे'चाच दाखला आठवला. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. त्यांचे गद्य पुस्तकातून आलेले नाही, ते कानांनी घडवलेले आहे. त्यांना कीर्तन करता आले तेही याच बळावर. तेव्हा मूल वाचत नाही ही आपत्ती मोठी खरी, पण त्याच्या कानावर चांगले मराठी पडत नाही ही त्याहून मोठी. लिपीचा प्रश्न शाळा सोडवील वा न सोडवील. कानाचा प्रश्न मंडळीच्या हातात आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना हे पटते, पण तयार साहित्य बाहेरून येते, चित्रांसह येते आणि स्वस्त असते. टिळकांचे पद बसवायचे तर पेटीवाले आजोबा लागतात, आणि ते मेमध्ये गावी असतात.

दुसरी गोष्ट पंगतीची. समारोपाच्या रविवारी मुलांचा कार्यक्रम झाल्यावर सर्वांचे जेवण असते. कोण भात टाकील, कोण रस्सा करील याची यादी आठवडाभर आधी फिरते आणि त्यावरून कुरबुरीही होतात. या जेवणाकडे 'स्नेहभोजन' म्हणून पाहणे पुरेसे नाही. नगर-जालना भागातील धर्मांतरितांत पूर्वास्पृश्य जातींची संख्या मोठी होती आणि त्यांच्याशेजारी टिळकांसारखी ब्राह्मण कुटुंबे तुरळक होती. मिशनच्या छपराखाली जात आपोआप विरघळली नाही. लक्ष्मीबाई हे लपवीत नाहीत. स्वतःचे सोवळे हास्यास्पद करून त्या ते सांगतात. शासनाच्या लेखी मात्र प्रश्न उलट दिशेने उभा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे मंडळीत ज्यांना जात विसरा असे सांगितले जाते, त्यांना कचेरीत जात नाही असे सांगितले जाते, आणि गावी गेल्यावर शेजारी ती आठवून देतात. हा पेच 'स्मृतिचित्रे'च्या काळात या स्वरूपात नव्हता. त्यामुळे लक्ष्मीबाईंचा विनोद येथे पुरा पडत नाही. त्यांचे पाणी पिणे हे वरून खाली येणाऱ्या स्त्रीचे धाडस होते. ज्यांच्या हातचे पाणी त्यांनी घेतले, त्यांची बाजू ग्रंथात तिच्या शब्दांत आलेली नाही. ग्रंथाविषयीचा सर्व आदर राखूनही ही मर्यादा नोंदवली पाहिजे.

टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना त्यात जागा होती. मिशनची चाकरी सोडून केलेला तो प्रयोग ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्यावर फार टिकला नाही. त्यामागील कल्पना मिशनरी चौकटीला झेपणारी नव्हती, असे सामान्यतः म्हटले जाते. मला वाटते, ती एका व्यक्तीच्या तेजावर फार अवलंबून होती. लक्ष्मीबाईंच्या घरात तीच कल्पना नावाशिवाय, नियमांशिवाय अनेक वर्षे चालली होती. दहिसरच्या वर्गात कडेच्या सतरंजीवर बसलेली शेजारची मुले पाहताना मला दरबारापेक्षा ते घर अधिक आठवले.

एक अनुभव येथे नोंदवतो, तसा तो अध्यापकवर्गाशीच संबंधित आहे. द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही 'स्मृतिचित्रे'तील वेचा शिकवीत असू. निवडलेला भाग लक्ष्मीबाईंच्या माहेर-सासरचा, विनोदी, परीक्षेला सोयीचा होता, आणि तो टिळकांच्या धर्मांतराआधीच संपत होता. तास झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, ''मॅडम, पुढचं नाही का?'' अभ्यासक्रमात नाही, असे उत्तर मी दिले. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने आजीची एक जुनी वही आणून दिली. जाड पुठ्ठ्याची, शाईने लिहिलेली. तीत मंडळीत गायची पदे उतरवलेली होती, आणि प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून कोठे नाट्यपदाचा, कोठे लावणीचा मुखडा दिला होता. काही पदे टिळकांची म्हणून ओळखू आली. बरीच 'उपासना संगीता'त सापडली नाहीत. त्यांच्याखाली नाव नाही. दोन ठिकाणी फक्त गावाचे नाव आहे. त्या पदांची चालीनुसार सूची करण्याचे काम सध्या चालू आहे. त्यांतील तीन पदे पुढच्या एप्रिलमध्ये मुलांना शिकवून पाहावीत, असे वर्गाच्या बाईंशी बोलणे झाले आहे. पेटीवाल्या आजोबांनी गावी जाणे आठवडाभर लांबवायचे कबूल केले आहे.